घटस्थापना ते धनत्रयोदशी: फराळाच्या महिन्यात व्हिडिओ बंद

शंकरपाळ्यांची तळणी चालू असताना दोन्ही हात गुंतलेले असतात. ओट्यावर टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर एक व्हिडिओ संपतो आणि दुसरा आपोआप लागतो. तेलकट बोटाने तो बंद कोण करणार? म्हणून तो चालू राहतो. मान तिकडे वळते आणि कढईतला घाणा बदामीचा तपकिरी होतो. घरच्यापुरता फराळ असेल तर चालून जातं. पुण्याच्या नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत चौघी जणी मिळून ऑर्डरचा फराळ करत असतील, तर तो घाणा बाजूला काढावा लागतो आणि त्याचं तूप-मैदा-साखर आपल्याच खिशातून जातं.

म्हणून आम्ही आश्विन महिन्यापुरता व्हिडिओ बंद केला. घटस्थापना ते धनत्रयोदशी म्हणजे अठ्ठावीस तिथी. बंद म्हणजे यूट्यूब, इन्स्टाग्रामची रील्स, ओटीटी आणि व्हॉट्सॲपवर फिरत येणारे व्हिडिओ. टीव्हीवरची आजींची संध्याकाळची मालिका यात धरली नाही. मालिका अर्ध्या तासात संपते आणि उद्याचा भाग उद्याच लागतो. आमची तक्रार व्हिडिओबद्दल नव्हतीच, न मागता पुढ्यात येणाऱ्या पुढच्या व्हिडिओबद्दल होती. हे आधी ठरलं, त्यामुळे काय तोडायचं आणि काय राहू द्यायचं याचा घोळ कमी झाला.

तयारी पितृपंधरवड्यात केली. त्या पंधरा दिवसांत ऑर्डरी जवळजवळ नसतात, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भावाची चौकशी आणि रविवार पेठेतून डबे-पिशव्या आणणं एवढंच काम असतं. महिना सुरू झाल्यावर सेटिंग्ज शोधत बसायला कुणालाही वेळ नसतो, आणि अर्धवट बंद केलेलं दुसऱ्याच दिवशी उघडतं.

पहिलं काम मोजणीचं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, तिथे रोजचा ॲपवार वेळ दिसतो. यूट्यूबच्या खात्यातही पाहिलेल्या वेळेचं पान आहे, पण ते वॉच हिस्टरीवर, म्हणजे पाहिलेल्या व्हिडिओंच्या नोंदीवर चालतं. टीव्हीवर दुसऱ्याच्या खात्यावरून पाहिलेलं त्यात येत नाही. त्यामुळे आकडे कामाचे, पण अपुरे. खरं कामाला आलं ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे चार दिवस मारलेल्या खुणा: कोणत्या वेळी, कोणत्या जागी व्हिडिओ लागला. चार जागा निघाल्या: तळणीच्या वेळी ओट्यावर, जेवताना ताटाशेजारी, गिरणीत रांगेत, आणि रात्री अंथरुणात. बंदी फोनवर घालायची खरी, पण सोय या चार जागांची करावी लागते.

ओट्यावरची जागा सगळ्यात अवघड, कारण तिथे व्हिडिओ कामाचाही असतो. प्रमाण विसरलं की आपण शोधतो, आणि एक मिनिटाचं प्रमाण बघायला जाऊन वीस मिनिटं जातात. म्हणून लागणारी सगळी प्रमाणं आधी कागदावर उतरवली. सोपं वाटलं होतं, दोन दुपारी गेल्या. गाडी वाटीवर अडली. व्हिडिओतला कप बहुतेक २४० मिलीचा असतो. आमची स्टीलची वाटी पाण्याने मोजली तर १५० मिली भरली. सगळंच कपाने घेतलं असेल तर फरक पडत नाही, प्रमाण तेच राहतं. पण पीठ कपाने आणि मोहन चमच्याने सांगितलं की गडबड. त्यांचा मोठा चमचा १५ मिलीचा आणि आमचा पोह्यांचा चमचा जेमतेम १०. कपाच्या पिठात पोह्यांच्या चमच्याने मोहन घातलं तर चकली दगड होते. शिवाय व्हिडिओ एका कपाचा आणि आमचा घाट पाच किलोचा. त्यामुळे प्रत्येक जिन्नस एकदा वाटीने घेतला, काट्यावर ग्रॅममध्ये तोलला आणि वाटीशेजारी तो आकडाही लिहिला.

चकलीचं पान असं उतरलं: भाजणीला तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, मूग डाळ १, उडीद डाळ अर्धी, वर धणे-जिरे. सगळं धुऊन, सावलीत वाळवून, वेगवेगळं मंद आचेवर भाजलेलं. उकड काढताना एका वाटी भाजणीला एक वाटी पाणी आणि एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, मोहन. खाली लाल पेनाने: सोऱ्यातून पडताना तुटते तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, मऊ पडते तर आच मोठी होती, बुडबुडे बसायच्या आधी काढली. शंकरपाळीचं पान दोन ओळींत संपलं: तूप, दूध, साखर एकेक वाटी, मैदा मावेल तेवढा. या ‘मावेल तेवढा’ला काट्यावर धरायला मात्र तीनदा मळावं लागलं, कारण दर वेळी वेगळा आकडा येत होता. शेवटी तिन्हींची सरासरी लिहून शेजारी ‘हाताने बघा’ असं लिहिलं. पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मिरचीच्या डब्यावर, भिंतीला टांगली. पुस्तकात ठेवली असती तर पुस्तक शोधायला कुणी गेलं नसतं, फोनच उघडला असता.

आता फोन. सगळ्यांत आधी यूट्यूबचं पहिलं पान रिकामं केलं. ऑगस्ट २०२३पासून अशी सोय आहे की वॉच हिस्टरी बंद असेल आणि मागचा इतिहासही फारसा नसेल, तर होमवर व्हिडिओंची रांग येत नाही, नुसती शोधपट्टी राहते. यातला ‘आणि’ महत्त्वाचा. आम्ही आधी फक्त हिस्टरी बंद केली आणि दोन दिवस वाट पाहिली, रांग तशीच. जुना साठा होता, त्यावर ती चालत होती. मग प्रोफाइलच्या चित्रावरून सेटिंग्ज, तिथून मॅनेज ऑल हिस्टरी, आणि आजवरचं सगळं डिलीट. त्यानंतर होम कोरं झालं. डिलीट केलेलं परत येत नाही, त्यामुळे आधी अर्धा तास काढून कामाचे व्हिडिओ एका खासगी प्लेलिस्टमध्ये घातले. प्लेलिस्ट आणि सबस्क्रिप्शन हिस्टरी पुसल्याने जात नाहीत.

फसगत खात्यांत झाली. एकाच फोनवर दोन-दोन जीमेल आणि टीव्हीवर तिसरंच. प्रत्येक खात्याची हिस्टरी वेगळी. एक पुसलं की फोन मुकाट्याने दुसऱ्या खात्यावर जातो असं नाही, पण खाते बदलण्याचं बटण अंगठ्याच्या अगदी जवळ असतं. त्यामुळे पाचही खात्यांवर हेच केलं. शिवाय होम कोरं झालं तरी चालू व्हिडिओच्या खालची यादी राहतेच, ती त्या व्हिडिओवरून बनते. म्हणून ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं, वेगळं बंद करावं लागतं, आणि ते आम्ही प्रत्येक फोनवर, लॅपटॉपवर, टीव्हीवर स्वतंत्रपणे तपासलं. नोटिफिकेशन्सही तशीच. ‘टेक अ ब्रेक’ नावाची आठवण लावायची सोय ॲपमध्ये आहे, तिचा फळीला लावलेल्या ‘शांतता राखा’ पाटीइतकाच उपयोग होतो. पाटी दिसते, बाजूला सारता येते.

डिजिटल वेलबीइंगमधला टायमरही आधी लावून पाहिला, यूट्यूबला रोज तीस मिनिटं. वेळ संपली की चिन्ह करडं होतं आणि ॲप उघडत नाही. पण फराळाच्या घरात दसऱ्यानंतर रात्री साडेबारापर्यंत तळणी चालते, आणि टायमरचा दिवस मध्यरात्री बदलतो. बाराच्या ठोक्याला चिन्ह पुन्हा रंगीत, नवी कोरी तीस मिनिटं हातात, नेमकी माणूस सर्वांत दमलेला असतो तेव्हा. वर टायमर काढायला दोन टिचक्या पुरतात. पाहणी चालू असताना मोजायला टायमर चांगला, बंदीसाठी कच्चा.

त्यापेक्षा ॲपच निजवलं. अँड्रॉइडवर यूट्यूब बहुधा फोनसोबतच येतं, ते काढून टाकता येत नाही, पण चिन्हावर बोट दाबून ॲप इन्फोमध्ये गेलं की डिसेबलचा पर्याय मिळतो. फोन विचारतो की मूळ आवृत्तीवर नेऊ का, हो म्हणायचं. पुन्हा चालू करताना अपडेट घ्यावं लागतं, एवढाच खर्च. आयफोनवर ते साधं काढून टाकता येतं. मात्र ॲप गेलं की व्हॉट्सॲपवर आलेली यूट्यूबची लिंक ब्राउझरमध्ये उघडते, म्हणजे भोक उरतंच. ते आम्ही बुजवायचा प्रयत्न केला नाही. नियम एवढाच केला की लिंक बघायची तर बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर बसून, लॅपटॉपच्या खासगी (इन्कॉग्निटो) विंडोत. ओट्याशी फोन नाही. नव्वद टक्के लिंका खुर्चीपर्यंत जाण्याच्या लायकीच्या नसतात. हा आकडा मोजलेला नाही, अंदाज आहे.

मुलांच्या शाळेचे व्हिडिओही याच खुर्चीतून. शिक्षक गटात लिंक टाकतात, तिला नाही म्हणता येत नाही. मूल लिंक उघडतं, व्हिडिओ संपतो, ऑटोप्ले बंद असल्याने तिथेच थांबतो. सुरुवातीला एक चूक झाली: खासगी विंडोत खातं नसतं, त्यामुळे ऑटोप्लेची आपली निवडही तिथे पोचत नाही, विंडो नव्याने उघडली की पट्टीवरचं बटण पुन्हा बघावं लागतं. ते एकदा मुलांनाच शिकवलं आणि प्रश्न मिटला.

इन्स्टाग्रामचं गणित वेगळं, कारण तिथे ऑर्डरी येतात. रील्स बंद करण्याचं बटण शोधण्यात वेळ घालवू नये. फीडमधल्या न मागितलेल्या पोस्ट ३० दिवस थांबवण्याचा पर्याय आहे, तो आमच्या महिन्याला अगदी मापाचा. पण त्याने रील्सचा टॅब जात नाही. त्यामुळे फोनवरून इन्स्टाग्राम काढलं आणि संदेश लॅपटॉपवर दिवसातून दोनदा बघितले, अकरा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता. पानाच्या परिचयात एक ओळ टाकली: ऑर्डर व्हॉट्सॲपवर द्या. बहुतेक लोक दुसऱ्या दिवसापासून तिकडे वळले. आधीच करायला हवं होतं.

व्हॉट्सॲपला दोन फोन ठेवले. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस, त्यात फक्त ऑर्डरी. बाकी ॲप नाहीच. तो दाराजवळच्या फळीवर, चार्जरला, आवाज मोठा. क्विक रिप्लाय भरून ठेवले की ‘/दर’ टाइप केल्यावर पूर्ण दरपत्रक जातं, ‘/पत्ता’ला घरचा पत्ता आणि नेण्याची वेळ. तळताना कुणी फोन उचलायचा यावरून होणारी ओढाताण यानं थांबली. घरच्या फोनवर स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन व्हिडिओ आपोआप उतरणं तिन्ही ठिकाणी बंद केलं: मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग. नातेवाइकांचे गट अर्काइव्ह केले आणि ‘अर्काइव्ह ठेवा’ हे चालू ठेवलं, नाहीतर नवा संदेश आला की गट पुन्हा वर येतो.

टीव्हीवर आम्ही अवघड वाटेने गेलो, ते सांगितलेलं बरं. राउटरच्या पानावर (बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१) जाऊन व्हिडिओची संकेतस्थळं अडवायची, असा बेत होता. साध्या राउटरवरचा पत्ता-फिल्टर आजच्या एचटीटीपीएस (कुलूपबंद होऊन येणाऱ्या) पानांपुढे लुळा पडतो, फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस (संकेतस्थळाचा पत्ता राउटरला न कळवता शोधण्याची सोय) चालू असेल तर राउटरला काही कळतही नाही, आणि मोबाइल डेटा तर राउटरला ओलांडूनच जातो. वर एका प्रयत्नात लॅपटॉपवरची शाळेची लिंकही अडली. एक संध्याकाळ वाया. मग टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन ‘फरगेट’ केलं आणि वाय-फायचा पासवर्ड बदलला. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयवर तसाच चालतो. बऱ्याच टीव्हींमध्ये सुरू होताना थेट शेवटचा इनपुट लागावा अशी निवड असते. ती लावली, नाहीतर टीव्ही ओटीटींच्या चित्रांच्या पानावर उघडतो आणि आजींना वाटतं, मालिका बंद पडली. त्या दिवशी आजींनी विचारलंच, “हे काय, माझंही बंद केलंत का गं?” रिमोटचं सोर्सचं बटण लाल टिकलीने खुणावून ठेवल्यावर त्या निश्चिंत झाल्या.

पैशाचं थोडक्यात. ॲप काढल्याने किंवा टीव्ही वाय-फायपासून तोडल्याने वर्गणी थांबत नाही. यूपीआय ऑटोपे असेल तर ज्या ॲपमधून मंजुरी दिली, तिथे प्रोफाइलखाली ऑटोपेमध्ये जाऊन ती थांबवावी किंवा रद्द करावी लागते. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, आणि तो संदेश नेमका ऑर्डरींच्या गर्दीत वाचायचा राहतो. १५,००० रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या कपातीला पिन लागत नाही, त्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही. पितृपंधरवड्यात हे उरकलं. नेटफ्लिक्स रद्द केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत चालतं आणि १० महिन्यांच्या आत परत आलं तर प्रोफाइल, पाहिलेल्याची यादी तशीच मिळते. यूट्यूब प्रीमियम रद्द न करता १ ते ६ महिने थांबवता येतं. वार्षिक वर्गणीला हात लावण्यात अर्थ नाही, पैसे आधीच गेलेले असतात.

आता ज्या चार जागांसाठी ही खटपट, तिथे काय ठेवलं? ओट्यावर रेडिओ. तळणाऱ्या माणसाचे डोळे कढईवर हवेत आणि कान मोकळे असतात, रेडिओला तेवढंच हवं असतं. पुणे आकाशवाणी मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागते, विविध भारती एफएमवर १०१ला. स्वयंपाकघरात एफएमच बरं, कारण मिक्सर सुरू झाला की मध्यम लहरींवर खरखर भरते. मिक्सरच्या मोटरच्या ठिणग्यांची ती गडबड एफएमला फारशी पोचत नाही. रेडिओ खिडकीत, कढईपासून चार हातांवर, प्लास्टिकच्या पिशवीत. तेलाचा धूर जाळीत बसला की आवाज बसका होतो. फोनवर पॉडकास्ट लावायचा विचार आला होता. पण फोन ओट्यावर आला की पुढचं सगळं पाठोपाठ येतं, म्हणून तो मोडीत काढला.

जेवण सर्वांत जड गेलं. पहिले तीन-चार दिवस ताटावर शांतता अंगावर येते आणि मुलं पाच मिनिटांत उठतात. उपाय म्हणून काही आणलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरींची वही ताटाशेजारी आली आणि बोलणं तिच्यावरून सुरू झालं: किती किलो चिवडा, कुणाला लसूण नको, परदेशी पार्सलं कधी निघणार. जेवताना काम बोलू नये म्हणणारेही असतात. महिनाभर चालतं. गिरणीतल्या रांगेसाठी काहीच लागलं नाही, फोन घरी ठेवून गेलं की प्रश्न संपतो. रात्रीसाठी फोन बाहेरच्या खोलीत आणि उशाशी गजराचं घड्याळ. हे घड्याळ विसरलात तर फोन परत अंथरुणात येतो, कारण पहाटे चारला उठायचं असतं.

बंदी दोनदा ढळली, दोन्ही वेळा एकाच कारणाने: सुट्टी. दसऱ्याच्या दुपारी काम नव्हतं, पाहुणे आले, त्यांच्या फोनवर रील्स लागले आणि आपल्याही माना वाकल्या. नियम कामाच्या दिवसाला बेतलेले होते, रिकाम्या दुपारसाठी काहीच ठरवलेलं नव्हतं. पुढल्या वेळी सुट्टीच्या दिवशी एक ठरवलेला सिनेमा, सुरुवात ते शेवट, टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून. त्यासाठी टीव्हीला लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरने जोडायचा. तो संपतो, आणि वायर काढली की मागे काही उरत नाही.

भाऊबीजेनंतर सगळं एकदम उघडलं नाही. यूट्यूब ॲप एका फोनवर चालू केलं, हिस्टरी बंदच ठेवली. कोऱ्या होमची सवय झाल्यावर शोधपट्टीत नाव टाइप करणं जाचक वाटत नाही. सबस्क्रिप्शनच्या यादीतून अर्धी नावं काढली. एका ओटीटीची मंजुरी पुन्हा दिली, दुसरीची कुणाला आठवण झाली नाही. टीव्ही अजून वाय-फायपासून तोडलेलाच आहे, तुळशीच्या लग्नाला पाहुण्यांनी विचारलं तेव्हा लक्षात आलं.

भिंतीवरच्या कागदांवर तेलाचे डाग पडलेत, अनारशाचं पान तर पारदर्शक झालंय. त्यावर आता चार ओळी जादा आहेत, या महिन्यात प्रत्यक्ष तळताना लिहिलेल्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. खसखस लावलेली बाजू वर, उलटायचे नाहीत. तुपात हसले, म्हणजे विरले, तर थोडी तांदळाची पिठी मळून घ्यायची. कडक झाले तर केळं.